सेरेंगेटी: आधी गवत, मग सिंह

टांझानियातल्या अरुशा शहराहून निघालेली गाडी न्गोरोंगोरोचा घाट चढते, उतरते आणि धुळीनं माखून नाबी टेकडीपाशी थांबते. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचं हे सर्वांत वर्दळीचं प्रवेशद्वार. कागदपत्रं पुरी होईपर्यंत इथं बराच वेळ जातो. तेवढ्यात मागच्या टेकडीवर पायवाटेनं चढून यावं. चढण थोडीशीच आहे. वर पोचलं की खाली नजर पोचेल तिथवर सपाट जमीन आणि तिच्यावर आखूड गवत, एवढंच दिसतं. खाली झाडाचा मागमूस नाही. टेकडीच्या खडकांमधून मात्र बाभळीच्या जातीची काटेरी झाडं चांगली वाढलेली आहेत. पाऊस दोन्हीकडं तोच, ऊन तेच. मग झाडं टेकडीवरच का?

पहिल्यांदा सफारीला आलेल्या माणसाला हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण त्याचे डोळे सिंह शोधत असतात. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस अशी ‘पाच मोठ्यां’ची यादी त्याच्या हातात असते. ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी शिकार करताना जी जनावरं सर्वांत धोक्याची ठरत, ती त्यांनी एकत्र मोजली. सेरेंगेटी समजून घ्यायला ती फारशी कामाची नाही. इथली सगळी गोष्ट गवतापासून सुरू होते, आणि त्या गवताचं नशीब ठरवणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी उद्यानाच्या हद्दीबाहेर घडलेल्या आहेत.

त्यांतली पहिली गोष्ट राखेची. उद्यानाच्या पूर्वेला न्गोरोंगोरोच्या परिसरात ज्वालामुखींची एक रांग आहे. त्यातला ओल डोइन्यो लेंगाई अजून जागा आहे. मसाई लोकांसाठी तो देवाचा डोंगर. त्याचा लाव्हा जगावेगळा आहे. इतर ज्वालामुखींच्या लाव्ह्यात सिलिका मुख्य असते, याच्या लाव्ह्यात सोडा आणि चुन्याची कार्बोनेटं. बाहेर पडताना तो काळा आणि पातळ असतो, आणि हवेतला ओलावा लागला की काही दिवसांत पांढरा पडतो. या डोंगरांनी हजारो वर्षं उधळलेली राख पूर्वेकडच्या वाऱ्यानं मैदानावर आणून पसरली. पावसाच्या पाण्यात तिच्यातला चुना विरघळला, खाली झिरपला आणि जमिनीखाली जुन्या वाड्यातल्या कोब्यासारखा घट्ट बसला. झाडाची मुळं हा थर फोडू शकत नाहीत. गवताला वरची वीतभर माती पुरते. नाबी टेकडी मात्र राखेच्या कितीतरी आधीची, प्राचीन खडकाची. तिच्या भेगांमधून मुळं खोल जातात, म्हणून झाडं तिथं आहेत.

याच राखेनं गवताला कॅल्शियम आणि फॉस्फरसही दिलं. दक्षिणेकडचं हे आखूड गवत दिसायला किरकोळ, पण पोषणात वायव्येकडच्या उंच गवताला मागं टाकणारं. अडचण पाण्याची. आग्नेयेच्या मैदानावर वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि वायव्येकडं सरकत जावं तसा तो वाढत हजार मिलिमीटरच्या वर जातो. म्हणजे कसदार चारा एका टोकाला आणि भरवशाचं पाणी दुसऱ्या टोकाला. विल्डबीस्ट या मोठ्या आफ्रिकी हरणांचे कळप वर्षभर फिरतात ते या दोन टोकांच्या मध्ये. पावसाळ्यात दक्षिणेला, मैदान सुकलं की पश्चिमेला ग्रुमेती नदीकडं, पुढं उत्तरेला मारा नदीपार केनियात, आणि नोव्हेंबरात ढग आले की पुन्हा खाली. या फेऱ्याला कुठलीही तारीख बांधलेली नाही. एखाद्या वर्षी पाऊस दोन आठवडे लांबला की कळपही लांबतात. छापील नकाशावर ‘जुलैत अमुक ठिकाणी’ असं लिहिलेलं असतं, ते अंदाज म्हणूनच वाचावं.

जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत दक्षिण मैदानावरच्या न्दुतूच्या आसपास या कळपांच्या विणीचा हंगाम असतो. सुमारे ८० टक्के पाडसं दोन-तीन आठवड्यांत जन्माला येतात. मादी चरता चरता बाजूला होते, आडवी पडते, उठते, पुन्हा आडवी पडते. पाडस ओलंचिंब जमिनीवर येतं आणि लगेच उभं राहायची धडपड सुरू करतं. पुढचे पाय ताठ होतात, मागचे फाकतात, ते नाकावर पडतं. आई त्याला चाटते, मध्येच मान वर करून चौफेर बघते. पुन्हा प्रयत्न, पुन्हा कोलमडणं. पाच-सात मिनिटांत ते चार पायांवर उभं असतं, आणि थोड्याच वेळात आईच्या कुशीला धरून पळतं. एकदम इतकी पाडसं आली की तरस आणि सिंह किती खाणार? त्यांची पोटं भरतात आणि बहुसंख्य पाडसं त्या गर्दीत वाचतात. हंगामाच्या आधी किंवा नंतर जन्मलेल्यांच्या वाट्याला हे संरक्षण येत नाही. आणि विणीसाठी हीच जागा का, याचं उत्तर पुन्हा राखेत आहे. दूध पाजणाऱ्या आईला जे कॅल्शियम आणि फॉस्फरस लागतं, ते इथल्या गवतात आहे.

तरसांबद्दल इथं जरा थांबायला हवं, कारण या प्राण्यावर फार अन्याय झालेला आहे. प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी १९६०च्या दशकात न्गोरोंगोरो आणि सेरेंगेटीत रात्री जागून तरसांचा अभ्यास केला. सकाळी पर्यटकाला दिसे ते असं: सिंह शिकारीवर बसलेला आणि भोवती तरसं घुटमळतायत. सगळे समजायचे की सिंहानं मारलं आणि तरसं उष्ट्यासाठी आली. न्गोरोंगोरोत अनेकदा प्रकार उलटा निघाला. रात्री शिकार तरसांनी केलेली असे आणि सिंहांनी ती हिसकावून घेतलेली असे. सेरेंगेटीतल्या तरसमाद्या तर पिल्लांना बिळात ठेवून कळप असतील तिथं तीस-चाळीस किलोमीटर चालत जातात, खाऊन येतात आणि दूध पाजतात. पहाटे रस्त्याच्या कडेनं एकटी, पोट खपाटीला गेलेली तरसमादी दमानं चालताना दिसली, तर गाडी थांबवून तिच्याकडं नीट बघावं.

चरण्यालाही एक क्रम आहे. झेब्र्याचं पचन असं की निकस चारा भरपूर खाऊन तो भागवतो. म्हणून उंच, जाड गवताचे शेंडे तो कातरतो. मग खालचा पाला विल्डबीस्टच्या रुंद तोंडाला मिळतो, आणि त्यांच्यामागून जमिनीलगत फुटलेले कोवळे कोंब थॉमसन गझेल ही छोटी हरणं टिपतात. गवताचा वाढीचा डोळा बुडाशी असतो, त्यामुळे वरून खाल्लं तरी ते मरत नाही. सॅम मॅकनॉटन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात कळप येऊन गेलेली जमीन आणि कुंपण घालून राखलेली जमीन यांची तुलना केली. चरून गेलेल्या जमिनीवर ताजा हिरवा थर पुन्हा फुटला, आणि पुढं गझेल तिथंच जमल्या. राखलेल्या तुकड्यात गवत वाळून उभं राहिलं.

हे वाचताना सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या माळरानांची आठवण येणं साहजिक आहे. काळवीट, चिंकारा, लांडगा आणि आता जवळपास नाहीसा झालेला माळढोक यांची ही जमीन सव्हानाच आहे. सरकारी कागदांत मात्र तिची गणना वर्षानुवर्षं पडीक जमिनीत झाली आणि हिरवं करायच्या नावाखाली तिच्यावर झाडं लावली गेली. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथं वन विभागानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. आफ्रिकेला जाण्यापूर्वी तिथं एक सकाळ घालवली, तर गवताकडं बघायची सवय लागते.

आता मारा नदी. पर्यटकांच्या कॅमेऱ्यांना सर्वांत प्रिय दृश्य इथलं: काठावर जमलेले हजारो प्राणी, पहिल्यानं घेतलेली उडी, मगरी, धूळ. प्रत्यक्षात मगरी मारतात त्यापेक्षा कितीतरी अधिक प्राणी बुडून आणि चेंगरून मरतात. नदीत दर वर्षी सरासरी सहा हजारांहून अधिक विल्डबीस्ट बुडतात, असा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं मांडला. वजनात सांगायचं तर हजार टनांहून जास्त मांस. गिधाडं, करकोचे आणि मगरी मिळून त्याचा थोडाच भाग खातात. बाकीचं मासे आणि पाण्यातले सूक्ष्मजीव संपवतात. हाडं मात्र नदीच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून असतात. सात-सात वर्षं ती हळूहळू विरघळतात आणि फॉस्फरस पाण्यात सोडतात. दक्षिणेच्या मैदानावर गवतातून हाडात गेलेला फॉस्फरस असा शेकडो किलोमीटर दूरच्या नदीत उतरतो, आणि तिथून व्हिक्टोरिया सरोवराकडं जातो.

पण हे सगळं चित्र साठ-सत्तर वर्षांपूर्वी असं नव्हतं. १९६१ साली इथं विल्डबीस्ट होते अडीच लाखांच्या आसपास. १९७७ सालापर्यंत ते तेरा-चौदा लाखांवर गेले. सोळा वर्षांत पाचपट! सेरेंगेटीच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना मी हीच मानतो, आणि तिचं कारण जंगलात नव्हतं, गोठ्यात होतं.

बुळकांडी हा गुरांचा रोग आपल्या जुन्या शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे. ताप, तोंडात फोड, हगवण, आणि आठ-दहा दिवसांत जनावर दगावतं. १८८०च्या दशकाच्या अखेरीस हा रोग आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला. इटालियन सैन्यासाठी आणलेल्या, बहुधा भारतातून नेलेल्या, गुरांबरोबर तो आला असं मानलं जातं. तिथल्या गुरांना या रोगाची ओळखच नव्हती. दहा वर्षांच्या आत तो खंडाच्या दक्षिण टोकाला पोचला आणि वाटेतली बहुतेक गुरं संपवून गेला. गुरांवर जगणारे मसाई उपासमारीनं मेले. १८९२ साली या भागातून गेलेला ऑस्ट्रियन प्रवासी ऑस्कार बाउमान यानं सांगाड्यागत झालेल्या माणसांची वर्णनं लिहून ठेवली आहेत. रानातले विल्डबीस्ट आणि रानम्हशीही तशाच मेल्या. माणसं आणि गुरं गेल्यावर झुडपं माजली, झुडपांत त्सेत्से माशी फैलावली, आणि माशीमुळे निद्रारोग आला. पुढं युरोपियन शिकारी आणि अधिकारी आले तेव्हा त्यांना ही भूमी निर्मनुष्य दिसली, आणि ती आदिम काळापासून अशीच आहे असा समज त्यांनी करून घेतला. ती नुकतीच उजाड झालेली होती.

हा रोग थांबवणाऱ्या लशीच्या कामात भारताचा वाटा आहे. कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२०च्या दशकात बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांमध्ये वाढवत वाढवत सौम्य केला आणि गुरांसाठी लस तयार केली. हीच वाट पुढं पूर्व आफ्रिकेतही चोखाळली गेली. १९६०च्या सुमारास केनियातल्या मुगुगा इथं वॉल्टर प्लाउराइट यांनी पेशींवर वाढवलेली स्वस्त आणि भरवशाची लस बनवली. सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना लस टोचली गेली. रानातल्या एकाही विल्डबीस्टला कोणी सुई लावली नाही, तरी काही वर्षांत त्यांच्यातला रोग नाहीसा झाला. तोवर समज असा होता की रानटी जनावरं रोग साठवून ठेवतात आणि गुरांना देतात. खरं तर गुरांकडून तो रानात जात होता. २०११ साली बुळकांडी जगातून नष्ट झाल्याचं जाहीर झालं. देवीच्या रोगानंतर माणसानं संपवलेला हा दुसरा रोग.

पुढचे परिणाम परिसरशास्त्रज्ञ अँथनी सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकानुदशकं नोंदवले. विल्डबीस्ट वाढले, त्यांनी गवत खाऊन टाकलं, म्हणून कोरड्या हंगामात पेटायला गवत उरलं नाही. वणवे कमी झाले तशी रोपटी जगली आणि उत्तरेकडच्या टापूंत झाडं दाट झाली. भक्ष्य वाढल्यानं सिंह आणि तरसं वाढली. उद्यानाच्या मध्यावरच्या सेरोनेराजवळ एखाद्या छत्रीसारख्या बाभळीच्या सावलीत सिंहीण पहुडलेली दिसते, तेव्हा त्या सावलीतही गुरांच्या लशीचा हिस्सा असतो. (कळपांच्या आजच्या आकड्यांवर अलीकडे वाद आहे. २०२२ आणि २०२३ सालच्या उपग्रहचित्रांवरून संगणकानं केलेल्या मोजणीत सहा लाखांहून कमी विल्डबीस्ट आढळले, तर विमानातून केलेल्या आधीच्या गणनांचा आकडा तेरा लाखांच्या घरात आहे. झाडांखालचे आणि चित्राबाहेरचे प्राणी किती, यावर चर्चा सुरू आहे.)

हद्दीबाहेरून आलेला दुसरा रोग सिंहांच्या मुळावर उठला. १९९४ साली कुत्र्यांच्या डिस्टेंपरची साथ आली आणि सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश, म्हणजे हजारभर सिंह तिनं मारले. आकडी येऊन सिंह कोसळत होते. विषाणू आला होता आसपासच्या गावांतल्या पाळीव कुत्र्यांमधून. तेव्हापासून उद्यानाभोवतीच्या खेड्यांत कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम चालते. सिंह वाचवायचे म्हणून गावच्या कुत्र्याला सुई, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण सेरेंगेटीत कामं अशीच होतात.

माणसाचा प्रश्न इतका सरळ सुटलेला नाही. बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिशाएल या जर्मन पितापुत्रांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या विमानातून इथले कळप मोजले. जानेवारी १९५९मध्ये विमानाची गिधाडाशी टक्कर होऊन मिशाएल मरण पावला. त्यांच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं आणि सेरेंगेटी जगाच्या नकाशावर आलं. त्याच वर्षी, १९५९ साली, मसाईंना उद्यानातून बाहेर काढून शेजारच्या न्गोरोंगोरोत राहू देण्याची व्यवस्था झाली. आता तिथूनही शेकडो किलोमीटर दूरच्या म्सोमेरा गावाकडं त्यांचं स्थलांतर २०२२पासून सुरू आहे. सरकार त्याला ऐच्छिक म्हणतं. अनेक मसाई आणि मानवी हक्क संघटनांना ते मान्य नाही. न्गोरोंगोरोहून सेरेंगेटीला जाताना वाटेत ओल्डुवाई घळीचा फाटा लागतो, आणि तिच्या दक्षिणेला लाएटोली इथं ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली ३६ लाख वर्षांपूर्वीची माणसाच्या पूर्वजांची पावलं मेरी लीकी यांच्या पथकाला १९७८ साली सापडली. या माळावर माणूस नसावा, हा आग्रह त्या पावलांसमोर मला टिकणारा वाटत नाही.

नदीचाही घोर आहेच. माराचं पाणी येतं केनियातल्या माऊ जंगलातून, आणि ते जंगल शेतीसाठी मोठ्या प्रमाणावर तोडलं गेलं आहे. कोरड्या हंगामात या सगळ्या टापूत बारमाही म्हणावी अशी नदी हीच. २०१०मध्ये उद्यानाच्या उत्तर भागातून, नेमक्या कळपांच्या वाटेवर, पक्का रस्ता न्यायचा बेत जाहीर झाला होता. २०१४ साली पूर्व आफ्रिकी न्यायालयानं तिथं डांबरी रस्ता करण्याला मनाई केली.

जायचं ठरवलंच तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. विण बघायची असेल तर फेब्रुवारीत न्दुतू, नदी ओलांडणारे कळप बघायचे तर ऑगस्ट-सप्टेंबरात उत्तर टोक. उद्यानाचं शुल्क ठरावीक तासांच्या हिशेबानं लागतं, त्यामुळे आत शिरायची आणि बाहेर पडायची वेळ आधीच ठरवून घ्यावी. ही मैदानं समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आसपास उंच आहेत. विषुववृत्त जवळ असलं तरी पहाटे उघड्या छताच्या गाडीत स्वेटर लागतो. गडद निळे आणि काळे कपडे नेऊ नयेत, त्या रंगांकडं त्सेत्से माशी धावते. तिला पकडायचे सापळेही म्हणूनच निळ्या-काळ्या कापडाचे असतात. तिचा डंख जाड कापडातूनही कळतो. प्लास्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात २०१९पासून बंदी आहे. केनियामार्गे परतणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घेऊन तिचा दाखला जवळ ठेवावा, भारतात उतरताना तो मागतात.

गाडी रस्ता सोडून गवतात घालायला उद्यानात मनाई आहे. चित्त्याच्या जवळ जाण्यासाठी चालकाला जादा पैसे देऊ करणारे पर्यटक असतात. तसं करू नये. चित्ता दिवसा शिकार करतो, आणि भोवती गाड्यांचं कडं पडलं की त्याची शिकार हुकते. पिल्लं असलेल्या मादीला असे एक-दोन दिवससुद्धा जड जातात. आणि खर्चाचा मेळ बसत असेल तर एक-दोन रात्री केनियात मसाई मारालगतच्या सामुदायिक राखीव क्षेत्रांत काढाव्यात. तिथं जमीन मसाई कुटुंबांची असते, पर्यटन कंपन्या त्यांना दरमहा भाडं देतात, ठरल्या वेळी गुरंही चरतात आणि एका प्राण्याभोवती किती गाड्या थांबाव्यात यावर मर्यादा असते. मुक्काम ठरवण्यापूर्वी भाडं थेट कुटुंबांच्या खात्यात जातं का, एवढं विचारून घ्यावं.